साडूच्या पायावर चाललेला बेंजो

बदलापूरजवळच्या जांभूळ गावातल्या चंदू भोईरचा बेंजो ऐकून माणूस खुर्चीत बसून राहिला, असं सहसा होत नाही. हळदीच्या मांडवात चंदूने तारेला नखी लावली की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या उठतात, मागच्या ओळीतले रुसलेले जावई उठतात, आणि आचारी भात करपायला सोडून झाऱ्यासकट नाचायला येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेल्या एक आजीबाई रिक्षा थांबवून मांडवात शिरल्या, मनसोक्त नाचल्या आणि मुलाला म्हणाल्या, आता स्वच्छ दिसतंय, चल घरी. जांभूळला पाणी शुद्ध करायच्या टाक्या आहेत. तिथला ऑपरेटर टाकीतल्या पाण्यावर उठलेल्या लाटा बघून सांगतो की आज चंदूची हळद कुठल्या गावाला आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. तो आता रिटायर झालाय, पण पाणी तिथंच आहे.

अशा या चंदूपुढे एकच माणूस बसून राहायचा. त्याचा सख्खा साडू, अंबरनाथचा हरिचंद्र मढवी.

हरिचंद्र एके काळी कबड्डीत चढाई करायचा. मांड्या अशा, की तो रिक्षात बसला की शेजारचा पॅसेंजर आपणहून उतरून पुढची रिक्षा बघायचा. त्याच्या स्वतःच्या हळदीला बेंजो अर्थातच चंदूचा होता. अंगभर हळद माखलेला नवरदेव मोठ्या हौसेने नाचायला उतरला, आणि चंदूने ऐन रंगात चाल थांबवून माइकवरून विचारलं, "साडूभाऊ, नाचताय का विंचू मारताय?" मांडव हसला, ते हरिचंद्राने सोसलं असतं. पण बातमी नवरीच्या घरी पोचली आणि नवरी, म्हणजे गोदू, तीही हसली. तेव्हा हरिचंद्राने मिशीला हात लावून सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढे चंदूच्या वाजवण्यावर आपला पाय जमिनीवर थिरकला, तर ही मिशी उतरवून देऊ.

मिशी साधी नव्हती. तिला रोज तेल लागायचं, आणि गोदूच्या म्हणण्याप्रमाणे घरात दुधाची साय आधी तिला जायची, मग मुलांना.

तेव्हापासून चंदूच्या प्रत्येक हळदीला हरिचंद्र सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या ओळीतली प्लास्टिकची खुर्ची धरायचा. हात गुडघ्यांवर, पाय रोवलेले, जसे काही पुलाचे खांब. समोर पाचशे माणसं घामाघूम होऊन नाचायची, पण चंदूला दिसायचे ते फक्त ते दोन पाय. लोकांनी त्याला उचलून नाचवलं, नवरदेव पाया पडले, पण घरी येऊन तो बायकोला, वेणूला, एवढंच सांगायचा की आजपण नाय हलला. वेणू म्हणायची, माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या पायाकडे एवढं बघता, कधी माझ्याकडे बघा.

हे असंच चालायचं, पण एका पूजेला जेवणाच्या पंगतीत, सासूबाई ठमाबाईंच्या समोर, हरिचंद्र वड्याचा घास घेत सहज बोलून गेला. "चंदू, तुजा बेंजो नाय रं वाजत. तुजा जनरेटर वाजतो. लोकं त्या धडधडीवर नाचतात."

चंदूने पानातला वडा तसाच ठेवला. आगरी लोकांच्या पंगतीत वडा पानात राहिला, याचा अर्थ सगळ्यांना कळला.

चंदूची मुलगी जिज्ञासा मुंबईला एका कंपनीत होती. दुसऱ्या कंपन्यांनी पर्यावरण कसं बिघडवू नये हे शिकवायचं, असं तिचं काम, आणि ते शिकवायला तिला विमानाने बेंगळुरू, दिल्ली, कधी दुबई असं फिरावं लागायचं. तिने बापाला मोबाइलवर दाखवलं की परदेशातले मोठमोठे गाणारे आता दौऱ्यावर जनरेटर नेतच नाहीत. मैदानात सायकली लावतात, ऐकायला आलेले लोक पायडल मारतात आणि त्या विजेवर गाणं चालतं. याला ग्रीन टूर म्हणतात. पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, असं तिने बरंच सांगितलं. चंदूच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. जनरेटर नाही. म्हणजे साडूच्या तोंडाला कायमचं कुलूप.

दुसऱ्या दिवशी जनरेटर एका लग्नाच्या हॉलवाल्याला देऊन चंदू उल्हासनगरला भूपेशच्या वर्कशॉपमध्ये उभा होता. भूपेशने मोबाइलवरचा व्हिडिओ बघितला, चहा मागवला आणि सांगितलं, "साईं, ये फॉरेनवाले का माल कच्चा है. अपन इससे भारी बना के देगा." त्याने जुन्या आठ सायकली घेतल्या, मागचं चाक काढून तिथे वॉशिंग मशीनच्या मोटारी बसवल्या आणि सगळ्यांच्या वायरी एका पेटीत आणून सोडल्या. घंट्या तशाच ठेवल्या. एका सायकलला लहान मुलाची सीट होती, तीही काढली नाही. ती व्हीआयपी सायकल ठरली.

मध्ये एखादी बॅटरी ठेवू, असं भूपेश म्हणत होता. जिज्ञासा ऐकेना. बॅटरीत शिसं असतं, शिसं मातीत जातं. वीज पायातून निघून थेट स्पीकरला गेली पाहिजे, तरच ती शुद्ध. म्हणजे पाय थांबला की आवाज थांबला. चंदूने याचा फारसा विचार केला नाही. आपल्या कार्यक्रमात कोणाचा पाय थांबेल, हे त्याच्या डोक्यातच येईना.

अशा रीतीने देशातला पहिला प्रदूषणमुक्त बेंजो दौरा ठरला. आधी चंदूची सगळी पार्टी एका टेंपोत मावायची. आता सायकलींना दुसरा टेंपो लागला. 'प्रदूषणमुक्त संगीत दौरा' असं लिहिलेला बोर्ड दोन्हींत मावेना, म्हणून त्याला तिसरा. शिवाय मुंबईच्या एका संस्थेच्या अस्मिता मॅडम धूर किती वाचला ते मोजायला गाडी घेऊन आल्या. मोजायचं मशीन नाजूक असल्यामुळे त्याला गारवा लागायचा, म्हणून गाडीचा एसी आणि इंजिन कार्यक्रमभर चालूच राहायचं. मॅडम काच थोडी खाली करून ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या.

पहिली हळद बदलापूरला. आठ सायकलींवर बसायला भांडणं झाली. नवऱ्याच्या मामाने व्हीआयपी सायकल पटकावली. पायडलं फिरली, स्पीकरने आळस दिला, आणि चंदूने नखी लावली. काय आवाज निघाला म्हणता. धडधड नाही, धूर नाही, तार अशी बोलली की चंदूलाच स्वतःचा हेवा वाटला. चाल चढली. पार्टीतल्या दिपेशने ऑक्टोपॅडवर, म्हणजे विजेवरच्या ढोलकीवर, ठेका टाकला. चंदूने खरी ढोलकी काढून टाकल्याला बरीच वर्षं झाली होती. ऑक्टोपॅडवाला जेवतो कमी, असं त्याचं मत.

आणि ठेका पडला तसा मामा सायकलवरून उडी मारून नाचायला गेला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा आणि चौथा एकदमच. आवाज खोल विहिरीत उतरल्यासारखा होत गेला, आणि आठवा उतरला तेव्हा मांडवात चंदू बोटं नाचवतोय आणि ऐकू येतोय फक्त तारेचा टिकटिकाट. नाचणारे थांबले. सगळ्यांना वाटलं लाइट गेली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की लाइट म्हणजे आपणच. ओशाळून आठ जण परत चढले. आवाज आला, ठेका आला, आठही परत खाली. बदलापूरची ती हळद उचकी लागल्यासारखी झाली. नवऱ्यामुलाला तोंडभर हळद लावायची राहून गेली, कारण लावणाऱ्या बायकासुद्धा एकदा सायकलवर, एकदा खाली.

घरी आल्यावर जिज्ञासाने शांतपणे बापाला समजावलं, की यंत्रणेत दोष नाही. दोष वाजवण्यात आहे. वाजवणं जरुरीपेक्षा चांगलं होतंय. थोडं कमी केलं तर लोक सीटवर बसतील.

चंदूने आयुष्यात पुष्कळ टीका ऐकली होती, पण ही नवीन होती.

अंबरनाथला बुवापाड्यातल्या हळदीत त्याने मग मनावर दगड ठेवला. ठेका लंगडा केला. चालीच्या मधोमध तार सैल सोडली. दिपेशला बजावलं की एक आड एक ठोका चुकव. दिपेशला ते सहज जमलं, तेही चंदूच्या मनाला लागलं. बुवापाड्याची भली माणसं सायकलींवर बसून राहिली. कोणी उतरलं नाही. पायडलं मारता मारता एकाने मोबाइलवर मॅच बघितली. एका आजोबांनी शेजारच्याला हळूच विचारलं की कोण गेलं. बाकीच्या पाहुण्यांनी जेवण लवकर आटपलं, आणि आचारी म्हणाला की इतकी वर्षं हळदीचा स्वयंपाक करतोय, भात न करपण्याची ही पहिलीच वेळ.

अस्मिता मॅडम मात्र काच पूर्ण खाली करून टाळ्या वाजवत होत्या. कार्यक्रम अखंड चालला. एकदाही वीज तुटली नाही. असंच उल्हासनगरला झालं, तर चंदूला 'हरित कलावंत' म्हणून ट्रॉफी, आणि मुंबईच्या मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण. तिथे परदेशी पाहुणे असतील, आणि तिथे असंच वाजवायचं. अगदी असंच, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

म्हणजे आजवर जीव तोडून वाजवलं त्याला गावच्या सरपंचाने एक नारळ दिला, आणि जाणूनबुजून माती केली तर मुंबई बोलावतेय. चंदूला हसावं का रडावं कळेना. वेणूने सांगितलं, आधी जेवा.

उल्हासनगरची हळद घरचीच होती. माणेरे गावात ठमाबाईंच्या नातवाची, विक्रांतची. ठमाबाई धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गाणारी बाई. गळा म्हातारा झाला तरी हळद दळायला बसली की अर्धं गाव जात्याभोवती जमायचं. तिने दोन्ही जावयांना बोलावून सरळ सांगितलं, की माझ्या नातवाच्या हळदीला लोकं नाचली पायजेत. बुवापाड्यात काय झालं ते मना समजलंय.

आता चंदूची दोन्हीकडून पंचाईत. लोकं नाचली पाहिजेत, आणि वीज तुटता कामा नये. म्हणजे आठ माणसं अशी हवी होती, की बाकीचे नाचताना त्यांना काहीच होणार नाही. जिज्ञासाने आपल्या कंपनीतली माणसं आणायचं ठरवलं, पण बदलापूरची हळद बघायला आलेल्यांतली दोन तिथेच नाचून पाय मुरगाळून बसली होती. तेव्हा वेणू भाकरी थापता थापता बोलली. "आठ कशाला? हाय ना एक. आठांच्या वरचा हाय."

हरिचंद्राकडे माणूस पाठवला, तो लगेच आला. सगळं ऐकून घेतलं. चंदूचा आवाज आपल्या पायावर चालणार, ही गोष्ट त्याला फारच आवडलेली दिसली, पण चेहरा त्याने पुलाच्या खांबासारखाच ठेवला. त्याने ठमाबाईंना साक्षीला बसवून एकच प्रश्न विचारला. पायडल मारणं हे नाचणं धरायचं काय?

चंदूला त्या क्षणी ट्रॉफी दिसत होती. "छे," तो म्हणाला, "पायडल म्हणजे व्यायाम. जमिनीला पाय लागला तर नाच."

"आयकलंत, सासूबाय," हरिचंद्र म्हणाला आणि मिशीला पीळ देऊन गेला.

हळदीच्या संध्याकाळी माणेऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सात सायकलींवर घरची तरणी पोरं, आणि व्हीआयपी सायकलवर हरिचंद्र. लहान मुलाची सीट मागे तशीच, तिच्यात त्याने आपला टॉवेल ठेवला. अस्मिता मॅडमची गाडी मांडवाच्या तोंडाशी, इंजिन चालू.

चंदूने बुवापाड्याचीच सैल तार धरून सुरुवात केली. पोरं बसून राहिली. मॅडमनी काचेतून अंगठा दाखवला. पण ठमाबाई जात्यापाशी बसून नातवाकडे बघत होती, आणि नातू असा उभा होता, जसं काही इंजेक्शन घ्यायला आणलाय. चंदूने मान खाली घातली आणि तार थोडीशी, अगदी थोडीशी, ताणली.

तेवढ्याने एक पोरगा उतरला. मग तीन. आवाज खाली बसायला लागला, आणि चंदूने घाबरून बघितलं, तर हरिचंद्राने सीटवरून किंचित उठून मांड्यांचा जोर लावला होता. आवाज वर आला. उरलेली पोरं उतरली. आवाज आणखी वर आला. सातही सायकली रिकाम्या, घंट्या वाऱ्याने किणकिणतायत, आणि माणेऱ्याचा अख्खा मांडव, दोन मोठे स्पीकर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि वर लावलेली रंगीत माळ, हे सगळं एकटा हरिचंद्र मढवी ओढतोय. माळेतले बल्ब इतके पेटले की त्यातले दोन फुटले. शहाडपर्यंत घरांतले पंखे जोरात फिरायला लागले म्हणतात.

आता चंदूच्या हातात दोन गोष्टी होत्या. हाच वेग धरायचा, लोक नाचतायत, साडू सीटवर आहे, वीज अखंड आहे, ट्रॉफी घरी. किंवा.

समोर ते पाय होते. गोल फिरत होते, पण ठेक्यात नव्हते. मुद्दाम, अर्ध्या ठोक्याने मागे. इतक्या सरळ चालीवर इतकं चुकीचं पायडल मारायला किती जोर लागत असेल, हे मांडवात फक्त चंदूला कळलं. ज्याच्या अंगात ठेका नाही त्याला असं चुकता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस बसून ऐकत होता. एकेक ठोका ऐकत होता.

चंदूने तारा कसल्या आणि हरिचंद्राच्या हळदीला मध्येच तोडलेली ती जुनी चाल काढली.

पहिल्या फेरीला पायडल दचकलं. दुसऱ्या फेरीला ते ठेक्यावर आलं. जिथे तेव्हा चाल तोडली होती, ती जागा आली, आणि माइक चंदूच्या तोंडासमोरच होता. जिभेवर पुष्कळ काही आलं. पण त्याने तोंड मिटलं आणि जागा ओलांडून चाल पुढे नेली.

हरिचंद्राने टॉवेल उचलला, डोक्याला गुंडाळला, आणि सायकलवरून उतरला.

त्याचा पाय जमिनीला लागला आणि सगळं बंद पडलं. बेंजो गेला, ऑक्टोपॅड गेला, माळ गेली. चंदूची बोटं मात्र तारांवर पळतच राहिली. त्या गप्प मांडवात हरिचंद्र नाचत होता. विंचू मारल्यासारखाच नाचत होता, त्यात काही सुधारणा नव्हती. जात्यापाशी बसलेल्या ठमाबाईने जावई नाचतोय हे पाहून आपला धवला उचलला, बायकांनी टाळी धरली, आणि मग सगळं माणेरं त्याच्याभोवती नाचलं. गोदू हसत होती, आणि या वेळी हरिचंद्राने ते बघितलं तरी तो थांबला नाही.

दम लागून सगळे खाली बसले, तेव्हा चंदू खुर्च्यांवरून उड्या मारत आला. वस्तरा मागवा म्हणाला.

हरिचंद्राने टॉवेलने मिशी पुसली. "कशाला? तुजा बेंजो वाजत होता तवा माजा पाय पायडलवर होता. तो व्यायाम. माजा पाय जमिनीला लागला तवा तुजा बेंजो बंद होता. मी नाचलो ते सासूबायच्या गाण्यावर."

चंदू न्याय मागायला सासूबाईंकडे वळला. ठमाबाई पदराने घाम पुसत म्हणाली, जावईबापू, कायदा तुमीच केलात. मी साक्षीला होते.

अस्मिता मॅडमनी खाली उतरून वीज तुटल्यामुळे ट्रॉफी देता येत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. ट्रॉफी पुढच्या हंगामात मिळाली ती बुवापाड्यात लंगडा ठेका धरणाऱ्या दिपेशला. तो आता मुंबईत ठिकठिकाणी तसंच वाजवतो आणि फार मोठा झालाय. जिज्ञासाने अहवालात लिहिलं की माणेऱ्याच्या हळदीत शेवटचा भाग पूर्णपणे विजेशिवाय पार पडला, त्यामुळे दौरा अपेक्षेपेक्षाही हरित ठरला. ते वाचून तिला दुबईला बोलावलं.

चंदूने हॉलवाल्याकडून जनरेटर परत आणला. सायकली भूपेशने घेतल्या, सात. आठवी चंदूने दिली नाही. ती आता प्रत्येक हळदीला टेंपोत सगळ्यात आधी चढते आणि पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीच्या जागी उभी राहते. तिची वायर मांडवाच्या पडद्यामागे जाते आणि तिथे एका विटेला बांधलेली असते. पडद्यामागे जनरेटर धडधडत असतो.

हरिचंद्र येतो, टॉवेल लहान मुलाच्या सीटमध्ये ठेवतो आणि पायडल मारायला लागतो. ठेक्यात, एकही ठोका न चुकवता, हळद संपेपर्यंत. मिशी जागेवर आहे. एकदा त्याने चंदूला गंभीरपणे विचारलंही, की वीज पुरते ना रे, का जोर लावू?

चंदू म्हणाला, थोडा लावा साडूभाऊ, पुढची चाल जरा भारी आहे.